संपतचं घड्याळ दहा मिनिटं पुढं होतं

पोस्टचं नाव सांगत नाही. परवानगी नाही, आणि सांगितलं तरी तुम्हाला ते नकाशात सापडणार नाही. उंची साडेचौदा हजार फूट. वरच्या पोस्टवर अकरा जवान, खाली कंपनीचा बेस, आणि या दोहोंच्या मध्ये एक थांबा. त्याला आम्ही लिंक म्हणायचो. एक बंकर, एक रेडिओ सेट, दोन रॉकेलचे स्टोव्ह आणि चार माणसं. मी हवालदार, लिंक कमांडर. हिवाळ्याचे सहा महिने मी तिथं काढले.

लिंकवरून बेसकडं जाताना बर्फाचा एक उतार आडवा पार करावा लागायचा. लांबी चारशे मीटर. उन्हाळ्यात हे अंतर गप्पा मारत पाच मिनिटांत जाता येतं. बर्फात, दोर बांधून, एकेक पाऊल रोवत वीस मिनिटं लागतात. नऊच्या सुमाराला कड्यावर ऊन यायचं. ऊन लागलं की वरचा बर्फ सैल होतो, आणि मग तो कधी सुटेल हे सांगता येत नाही. म्हणून हुकूम असा होता की आठ चाळीसनंतर उतारावर कुणीही पाय ठेवायचा नाही. आठ चाळीसला मी बांबूवर लाल फडकं चढवायचो. याला आम्ही गेट बंद करणं म्हणायचो. ते गेट बंद करणं एवढीच खरं तर माझी ड्यूटी होती, बाकी सगळी कामं ती जगून करता यावी म्हणून होती.

दिनक्रम ठरलेला. साडेपाचला स्टोव्ह पेटवून बर्फ वितळवायला ठेवायचा. सहाला बेसला खुशालीचा रिपोर्ट. आठला बेसवरून टाइम चेक यायचा. ऑपरेटर म्हणायचा, "झिरो एट झिरो झिरो, नाऊ," आणि त्या 'नाऊ'ला सगळ्या पोस्टवरची घड्याळं एकमेकांशी जुळायची. फौजेत वेळ अशी चालते. सिव्हिलमध्ये माणूस म्हणतो, आलोच पाच मिनिटांत. तसं तिथं म्हणालात तर लोक तुमच्याकडं आजारी माणसाकडं बघावं तसं बघतात.

ही इंग्रजी वेळ शिकायला मलाही त्रास झाला होता. मी सातारा जिल्ह्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. रंगरूट असताना उस्तादनं वेळ विचारली तर मी ताठ उभा राहून म्हणालो, "सव्वासात, साहेब." त्या सव्वासातच्या मी सत्तावीस कोलांट्या मारल्या. आपल्याकडं वेळ भाकरीसारखी तोडून घेतात. पाव, अर्धी, पाऊण. फौजेला तुकडे चालत नाहीत. तिला एकेक मिनिट मोजून पाहिजे, आणि तेही इंग्रजीत, चार आकड्यांत.

लिंकवर माझा रेडिओ ऑपरेटर होता लान्सनायक संपत जाधव. कुंडलच्या अलीकडं त्याची वस्ती. आमच्यात वीस-बावीस मैलांचं अंतर असेल, पण साडेचौदा हजार फुटांवर तेवढ्यानं माणूस भाऊबंद होतो. अंगानं किरकोळ, दमानं घोडा. स्टोव्हचा बंद पडलेला बर्नर दातानं सुई धरून साफ करायचा. हसला की आधी खांदे हलायचे, आवाज मागून यायचा. मला तो आवडायचा. तेव्हा हे मी कधी बोललो नाही, हवालदारानं असलं बोलायचं नसतं.

संपतला नाईक व्हायचं होतं. त्यासाठी फेब्रुवारीत बेसवर रेडिओचं कॅडर, म्हणजे तीन आठवड्यांचं शिक्षण आणि शेवटी परीक्षा होती. सेट उघडणं, जोडणं, बिघाड शोधणं यात त्याचा कुणी हात धरला नसता. अडायचं ते वेळेपाशी. परीक्षेत मेसेज आला की त्याची वेळ तिथल्या तिथं इंग्रजीत सांगावी लागते. संपत घड्याळ बघायचा आणि गप्प व्हायचा. सेटवर दोन सेकंदांची शांतताही फार लांब वाटते.

मी शिकवायला घेतलं. जेवणाचं ताट पालथं घातलं, त्यावर कोळशानं बारा आकडे काढले आणि काडेपेटीतल्या दोन काड्यांचे काटे केले. एक काडी मोडून छोटी.

"किती वाजले?"

तो काड्यांकडं बघत ओठ हलवायचा. "पावणे... एट... न्हाई, थांबा. एट फोर..."

"पावणे सोड, गड्या. आकडे वाच."

"आवं उस्ताद, पावणेनऊ हायत हे आधी कळल्याबिगर इंग्रजीत कसं म्हणू?"

"कळू नगं. नुसतं वाच. मोटारीचा नंबर वाचतोस न्हवं? मोटार कुणाची हाय ते इचारतोस का?"

तो हसला. खांदे हलले. ताटावर मग आठवडाभरात जमायला लागलं. पण मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं की गाडी पुन्हा अडायची. मला कळेना. एक दिवस मी त्याचं मनगट धरून माझ्या डिजिटल घड्याळाशेजारी आणलं. त्याचं घड्याळ दहा मिनिटं पुढं होतं.

"हे काय रं?"

"आप्पांनी लावलंय."

आप्पा म्हणजे त्याचे वडील. तरुणपणी ते सांगलीला भरतीला निघाले होते. फाट्यावर पोचले तेव्हा एसटीचा धुरळा खाली बसत होता. पाच मिनिटांनी गाडी चुकली आणि त्यांची भरती राहिली ती राहिलीच. आयुष्यभर ऊस केला. पण त्या दिवसापासून घरातलं प्रत्येक घड्याळ दहा मिनिटं पुढं. भिंतीवरचं, उशाचं, सगळं. घरात कुणी वेळ विचारली की सांगणारा मनातल्या मनात दहा वजा करूनच सांगायचा. पाव्हणेसुद्धा करायचे. संपत भरती झाला तेव्हा आप्पांनी त्याला सेलचं घड्याळ घेतलं, दहा मिनिटं पुढं करून स्वतःच्या हातानं बांधलं आणि म्हणाले, ह्याला हात लावायचा न्हाई. आणि फौजेत सात वर्षं काढून पोरानं हात लावला नव्हता.

तुमच्याही घरी असेल असं एखादं घड्याळ. आमच्या भागात घरटी एक सापडतं. त्यात गैर काही नाही, घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक असतं.

म्हणजे संपत घड्याळ बघायचा, दहा वजा करायचा, आलेली वेळ मराठीत समजून घ्यायचा आणि मग इंग्रजीत न्यायचा. मी म्हणालो, घड्याळ बरोबर कर. तो म्हणाला, "न्हाई उस्ताद. आप्पांचा हात हाय त्यावर." मी दोनदा सांगितलं. हुकूम म्हणून सांगू शकलो असतो, पण बापाच्या हातावर हुकूम कसा सोडायचा. मग मी एक तोड काढली.

"तू वजाबाकी करू नगं. घड्याळात जे आकडे हायत ते इंग्रजीत धडाधडा वाच. वजाबाकी मी करतो."

पुढचे दोन महिने असंच चाललं. बेसला वेळ मी माझ्या घड्याळावरून द्यायचो. आमच्या आमच्यात, सरावासाठी, दिवसातून पंधरा वेळा मी विचारायचो, "संपत, टाइम?" तो क्षणात आकडे म्हणायचा. मी मनात दहा वजा करायचो. त्याचं अडणं बंद झालं. माझीही वजाबाकी इतकी अंगवळणी पडली की मी ती करतोय हे मला कळायचं बंद झालं.

कॅडरच्या आधी आठवडाभर मी त्याला बजावलं. "ज्या दिवशी खाली उतरशील त्या सकाळी घड्याळ बरोबर करायचं. तिथं वजाबाकी करायला मी न्हाई."

त्यानं मनगटावरच्या घड्याळावर दुसरा हात ठेवला.

"परीक्षा आप्पा देणार हायत का?"

"व्हय," तो म्हणाला. "करतो. पास झालो की परत दहा म्होरं करीन."

आता त्या दिवसाचं सांगतो.

सकाळ स्वच्छ होती. आदल्या दोन दिवसांत कमरेएवढा बर्फ पडला होता. माझी दोन माणसं आदल्या दिवशी रसद आणायला बेसवर गेली होती आणि तिथंच अडकली होती. लिंकवर मी आणि संपत. संपत त्या दिवशी कॅडरसाठी खाली जाणार होता. त्याच्याबरोबर वरच्या पोस्टवरचा सिपाही गायकवाड, विट्याचा, सुट्टीवर निघाला होता. दोघं एका दोरात जाणार. गायकवाड वरून आला की निघायचं, असं ठरलं होतं.

आठला टाइम चेक आला. मी माझं घड्याळ जुळवलं. संपत स्टोव्हपाशी पाठ करून उभा होता. तो काय करत होता हे मी बघितलं नाही. आज मला माहीत आहे तो काय करत होता.

गायकवाड उशिरा पोचला. वाटेत त्याच्या बुटाखालच्या काट्यांचा पट्टा तुटला होता. आम्ही तो दोरीनं बांधला. त्याला चहा दिला. या गडबडीत मी मनगट बघितलं तर माझ्या घड्याळाची काच कोरी. थंडीनं सेल गेला होता. सेट दोन पावलांवर होता, बेसला विचारता आलं असतं. पण शेजारची पोस्ट लांबलचक मेसेज देत होती आणि मध्ये तोंड घालायला मला नको वाटलं. गायकवाडचं घड्याळ त्याच्या सामानात खोल होतं. संपत पाठीवर ओझं चढवून समोर उभा होता.

"संपत, टाइम?"

"झिरो एट फोर फाइव्ह, उस्ताद."

अडखळला नाही, ओठही हलले नाहीत. माझं मन भरून आलं, हेही सांगून टाकतो. म्हटलं, हा पास झाला.

आणि मी दहा वजा केले. आठ पस्तीस. गेट बंद व्हायला पाच मिनिटं होती.

तो माझ्याकडं बघत उभा होता.

"उस्ताद, जाऊ?"

"जा. टाइम हाय."

"राइट, उस्ताद."

दोघं उतारावर उतरले. संपत पुढं, गायकवाड मागं, मध्ये वीस मीटर दोर. मी बांबूपाशी उभा राहून बघत होतो. पाच मिनिटांनी फडकं चढवायचं होतं म्हणून मनात आकडे मोजत होतो. फडकं चढवलं. त्यांची निम्मी वाट सरली. मग आणखी थोडी सरली. कड्याच्या टोकाला उजेडाची एक पट्टी आली. मला वाटलं, आज ऊन लवकर आलं.

आवाज मोठा नव्हता. पोतं फाटल्यासारखा. कड्याखाली एक रेघ उमटली, रेघेखालचं सगळं सरकलं, आणि पांढरा धूर उठला. धूर बसला तेव्हा उतारावर कुणी नव्हतं.

मी सेटवर गेलो.

"बेस फॉर लिंक. अवलांच. दो आदमी नीचे. ओव्हर."

"लिंक, टाइम बताओ. ओव्हर."

मी मनगट बघितलं. काच कोरी होती.

"लिंक, टाइम बताओ. ओव्हर."

"मेरी घडी बंद है. ओव्हर."

"रॉजर. हमारा टाइम झिरो नाइन झिरो झिरो. पार्टी निकल रही है. आउट."

माझ्या हिशेबानं तेव्हा आठ पन्नास व्हायला हवे होते. फावडं आणि दोर घेऊन मी उताराकडं पळत होतो आणि ती दहा मिनिटं कुठं गेली हे शोधत होतो. अर्ध्या वाटेत ती सापडली. आज कॅडर होतं. त्यानं माझं ऐकलं होतं.

गायकवाडचा हात बर्फाबाहेर होता. त्याला मी अर्ध्या तासात काढला. तो जिवंत होता, आजही आहे. फौज सोडून त्यानं दूर दक्षिणेतल्या एका शहरात बापाचं सोनं आटवायचं दुकान सांभाळलंय. संपतचा दोर मधे तुटला होता. बेसची पार्टी आली, सळ्या खुपसत आम्ही शोधत राहिलो. तो साडेअकराला सापडला. चेहऱ्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

चौकशी बसली. ती प्रत्येक अशा प्रसंगात बसते. तीन अधिकारी, एक टेबल. मला विचारलं, पार्टी उतारावर किती वाजता सोडली.

मी म्हणालो, "झिरो एट थ्री फाइव्ह, सर."

तोपर्यंत मला खरी वेळ पक्की कळली होती. तरी मी तसं सांगितलं. गायकवाडला वेळ माहीत नव्हती. नवीन बर्फात पंचवीस मिनिटं लागू शकतात, हे सगळ्यांना पटण्यासारखं होतं. नैसर्गिक आपत्ती, असा निकाल झाला. मला बदली मिळाली, पुढं प्रमोशनही मिळालं. खोटं बोलताना माझी जीभ अडली नाही. चार आकडे होते, ते मी वाचले. मराठीत 'आठ पस्तीस' म्हणायला लागलं असतं तर मला वाटतं मी तिथंच मोडलो असतो.

आणि संपत का बोलला नाही, हाही प्रश्न मला सोडत नाही. आठ चाळीसचा नियम त्याला माझ्याइतकाच पाठ होता. पावणेनऊ वाजलेत, एवढं मनाशी म्हणाला असता तर तो म्हणाला असता, उस्ताद, उशीर झाला. पण मीच त्याला शिकवलं होतं, कळून घेऊ नकोस, नुसतं वाच. की त्याला कळलं होतं? 'जाऊ?' असं त्यानं का विचारलं? एरवी तो विचारत नसे. मी 'टाइम हाय' म्हणालो आणि त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. गेली नऊ वर्षं हा एक शब्द माझ्या कानात आहे. एमआयडीसीच्या गेटवर, एसटीत, जेवताना. जाऊ?

निवृत्त होऊन मी साताऱ्यात राहायला आलो. एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर आहे. पंधरा ऑगस्टला शाळा बोलावतात. मी थंडीचं सांगतो, डबाबंद खाण्याचं सांगतो, मुलं हसतील असं एखादं सांगतो. संपतचं नाव शहीद म्हणून घेतो आणि खाली बसतो. त्याच्या घरी मी कधी गेलो नव्हतो. पार्थिव घेऊन दुसरे सुभेदार गेले होते. चौकशीचं कारण मला पुरलं, आणि नंतर कुठलंच कारण लागलं नाही.

या उन्हाळ्यात संपतचा धाकटा भाऊ विलास आईच्या पेन्शनच्या कागदासाठी साताऱ्याला आला. माझा पत्ता काढून दुपारी घरी आला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग कप खाली ठेवून म्हणाला, "साहेब, एकदा आईला येऊन भेटा. आमचं कुणाचं ऐकत न्हाई ती."

"काय झालंय?"

"संपतदादा गेला हे ती मानत न्हाई."

मला वाटलं, म्हातारपण. तसं नव्हतं. पेटी बंद आली होती, चेहरा कुणाला दाखवला नव्हता. पेटीबरोबर सामान आलं, त्यात घड्याळ होतं आणि ते चालू होतं. आईनं ते हातात घेतलं, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. दोन्हींत दहा मिनिटांचा फरक. ती सगळ्यांसमोर म्हणाली, हे माझ्या पोराचं घड्याळ न्हाई. ह्यो दुसराच कोण तरी हाय, लेकरू कुणाचं का आसंना, नीट जाळा त्याला. आणि ती घरात निघून गेली.

"आप्पा होते तवर समजूत काढायचे," विलास म्हणाला. "चार वर्षांमागं आप्पा गेले. पितरपंधरवड्यात आप्पांचा म्हाळ घालतो. दादाचा घालू देत न्हाई. जित्या माणसाचा म्हाळ घालतोस व्हय, म्हणती. संध्याकाळच्या एसटीच्या टायमाला रोज फाट्यावर जाती. आता गुडघं चालत न्हाईत, तरी जाती. तुमी तेला शेवटचं बघितलंय. तुमी सांगा."

मी हो म्हणालो. तो गेल्यावर बायकोनं विचारलं, काय झालं. पहिल्यांदा मी तिला सगळं सांगितलं. तिनं चहाचे कप उचलले. मग म्हणाली, "सांगायचं तर सगळं सांगा. अर्धं सांगणार असाल तर जाऊ नका."

पुढच्या रविवारी मी कुंडलला उतरलो. दुपारचे बारा. वस्तीपर्यंत उसातून वाट. विलास न्यायला आला होता. घरात गेल्या गेल्या भिंतीवर घड्याळ दिसलं. बारा पस्तीस झाले होते. खरे बारा पंचवीस. वजाबाकी माझ्याकडून आपोआप झाली.

मावशी, म्हणजे संपतची आई, जोत्यावर बसल्या होत्या. अंगानं किरकोळ, संपतसारख्याच. माझ्याकडं नीट बघून म्हणाल्या, "तुमीच व्हय ते उस्ताद. पत्रात लय लिवायचा तुमचं."

"व्हय, मावशी."

"त्यो कुठं हाय?"

वाटेत मी शब्द जुळवले होते. ते सगळे सोडून मी सरळ म्हणालो.

"मावशी, ते घड्याळ संपतचंच."

"न्हाई. त्याचं धा मिनिटं म्होरं आसतंय."

"त्यानंच बरोबर केलं. त्या दिवशी सकाळी. मी सांगितलं होतं."

"तुमी का सांगितलं?"

"परीक्षा होती त्याची. तिथं खरी वेळ सांगाय लागती."

 विलास दाराला टेकून उभा होता. मी थांबू शकलो असतो. आईनं मानलं असतं, मी उठून आलो असतो, विलासनं माझे पाय धरले असते. बायकोचं बोलणं आठवलं.

"अजून हाय, मावशी. त्यानं घड्याळ बरोबर केलंय हे मी इसरलो. त्याला येळ इचारली. त्यानं खरी सांगितली. मी त्यातनं धा काढली. मला वाटलं टाइम हाय. म्हणून सोडला. टाइम न्हवता. साहेबांनी इचारलं तवा मी खोटं बोललो. चूक माझी हाय. संपतची न्हाई, बर्फाची न्हाई."

विलास दारापासून सरळ झाला. तो काही म्हणणार होता. मावशींनी हात वर केला आणि तो थांबला.

"कितीला?" त्यांनी विचारलं.

"नवाला."

त्यांनी मान वळवून भिंतीकडं बघितलं. "म्हंजी आमच्या घड्याळात नऊ धा." थोडा वेळ ओठ हलत राहिले. "तवा मी गोठ्यात हुते. म्हशीची धार काढून हुत आली हुती. आप्पा पेपर वाचत हुते." मग हात मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "मग त्योच म्हणायचा."

त्या रडल्या नाहीत. मी रडलो. फौजेत बावीस वर्षं काढून, परक्याच्या जोत्यावर, भर दुपारी. त्यांनी मला गप्प केलं नाही आणि उठूनही गेल्या नाहीत. बऱ्याच वेळानं विलासला म्हणाल्या, "ह्यास्नी फाट्यावर सोड. गाडी जाईल." मला वाटलं, संपलं. आता या घरात आपलं नाव निघणार नाही. त्या संध्याकाळी मावशी फाट्यावर गेल्या नाहीत, असं विलासनं नंतर कळवलं. बाकी काही कळवलं नाही. त्याचा राग त्याच्या जागी बरोबर आहे.

चौकशीच्या कागदाचं म्हणाल तर जूनमध्ये मी रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिलं. खरी वेळ लिहिली, सही केली. अजून उत्तर नाही. येईल ते घेईन.

भाद्रपदात, पितृपंधरवड्यात, फोन आला. विलासच होता, आवाज कोरडा.

"आई म्हणती, अष्टमीला दादाचा म्हाळ हाय. तुमाला पितर म्हणून बसवायचं म्हणती."

तुम्ही शहरातले असाल तर सांगतो. आमच्याकडं म्हाळाला गेलेल्या माणसाच्या जागी कुणाला तरी पाटावर बसवतात. त्या दिवसापुरता तोच तो गेलेला माणूस. त्याला पोटभर जेवू घालतात आणि गेलेल्याला पोचलं म्हणतात. मी विलासला म्हणालो, "माझं चुकलंय रं. दुसरं कुणी बघ." तो म्हणाला, "मीबी तेच म्हणलो. ती म्हणती, त्या उस्तादनंच बसायचं."

मी गेलो. पाय धुतले, पाटावर बसलो. केळीच्या पानावर भात, कढी, गवारीची भाजी, भोपळा, वडे आणि गव्हाची खीर. वाढायला मावशी स्वतः. गुडघे धरून वाकत होत्या. शेजारीपाजारी दहा-बारा माणसं बसली होती. माझा हात पानावर जाईना.

मावशी समोर बसल्या. गेल्या वेळी मला आवं-जावं म्हणत होत्या. आता माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी वाटीतली खीर ओतली आणि म्हणाल्या, "खा रं. लय लांबनं आलास."

लान्सनायक संपत जाधव, राहणार कुंडल, वय सव्वीस. त्याच्या नावचा घास मी उचलला, आणि त्याची आई बघत होती तोवर पान स्वच्छ केलं.